उताऱ्यात काय लिहिलंय?

तिला सख्खा दीर एकही नाही, तरी ती अख्ख्या इस्पितळाची वहिनी आहे. त्याचं असं झालं, की पुरुषांच्या वॉर्डात ती आया म्हणून नवीन लागली होती, तेव्हा पाय मोडलेला एक तरुण तापाच्या भरात तिचा हात धरून सारखा म्हणत होता, "वहिनी, दादाला सांगू नका." ती म्हणाली, "नाही सांगत हो भावजी. आधी पाणी प्या." शेजारच्या खाटेवरचे हसले, आणि त्या दिवसापासून डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. तो दादा कोण आणि त्याला काय सांगायचं नव्हतं, हे कधीच कळलं नाही. वहिनीने मात्र त्यावर अख्खी गोष्ट रचली होती. मोटरसायकल दादाची, न विचारता घेतलेली, मागे कोणीतरी बसलेलं, वगैरे. ही तिची जुनी सवय. अर्धी गोष्ट कानावर पडली की उरलेली अर्धी ती स्वतःच पुरी करून टाकायची.

चादरी बदलणं, भांडं देणं, अंग पुसणं, ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याला वळवणं, हे तिचं काम. हात असा हलका, की जखम बांधायच्या वेळी पेशंट "आधी वहिनींना बोलवा" म्हणून अडून बसत. एकदा वॉर्डच्या मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "जन्मभर भांडीच उचलणार आहेस का? इस्पितळात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी नर्सिंगच्या कोर्सला जागा राखलेल्या असतात. शाळान्त परीक्षा तेवढी पास हो. पुढचं मी बघते."

'तेवढी' हा शब्द सिस्टरांनी सहज वापरला. वहिनीची शाळा शेवटच्या वर्षी सुटली होती. आई अंथरुणाला खिळली आणि तिचं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. वळवणं, पुसणं, भरवणं ती तिथेच शिकली. आता चाळिशी ओलांडल्यावर तिने पुन्हा पुस्तकं हातात घेतली, बाहेरून परीक्षेला बसली आणि एका दमात सगळे विषय सोडवले. गणितसुद्धा. इंग्रजी मात्र माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. दोनदा बसली, दोनदा नापास झाली.

व्याकरण तिने घोकलं होतं, निबंध पाठ केले होते. गाडी अडायची ती उताऱ्याशी. कधी न पाहिलेला उतारा, खाली प्रश्न, आणि गुणांचा मोठा वाटा तिथेच. संध्याकाळच्या वर्गातल्या मास्तरांनी एक युक्ती शिकवली होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ उतरवून काढा आणि मोकळे व्हा. पहिल्या खेपेला तिने तेच केलं. पण प्रश्न असे फिरवून विचारले होते, की तिच्या सगळ्या ओळी भलत्याच ठिकाणी जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, मास्तर गेले खड्ड्यात, मला समजेल ते मी लिहीन.

तो उतारा एका बेकरीवाल्याचा होता. तो रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर एक पाव ठेवतो आणि हिरवा कोट घातलेली एक बाई तो उचलून नेते. बाई पाव का नेते, असा प्रश्न. वहिनीने लिहिलं, की ती त्याची सोडून गेलेली बायको आहे, घरी मूल आजारी आहे आणि नवऱ्याच्या समोर यायची तिला लाज वाटते. उताऱ्याच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, की तळ्यातल्या बदकांना घालायला ती शिळा पाव नेते.

"रोज उठून बदकांसाठी कोणी एवढं करतं का?" निकाल लागल्यावरही वहिनीचं म्हणणं हेच होतं.

तिच्या नवऱ्याला मित्र 'तारमास्तर' म्हणतात. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलतो असा, की जणू तार पाठवतोय आणि प्रत्येक शब्द भारी पडणार आहे. लग्नाआधी वहिनीला बघायला आला, तेव्हा "पसंत" एवढं बोलून चहाकडे वळला होता. "माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप आणि किल्ली हरवलेली," असं वहिनी म्हणते. ती दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तो बहिणीशी फोनवर बोलून आला आणि म्हणाला, "ताई म्हणते, आता पुरे कर."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की वर्ग चिडीचूप व्हायचे, अशी तिची ख्याती. वहिनी तिला पहिल्यापासूनच बिचकून असायची. हे ऐकल्यावर तर तिने त्या घरी जाणंच सोडलं. "मी पडले आया, त्या पडल्या बाई. आपली पायरी ओळखून राहावं म्हणतात ते हेच," असं ती एकदा भांडी घासता घासता बोलली. ताईनेही यायचं थांबवलं. नणंद-भावजयीचं कडाकड भांडण झालं असतं तर परवडलं असतं, ते मिटवता येतं. इथे काही झालंच नव्हतं, आणि तरी दोन्हीकडे गाल फुगलेले.

अशात ताईच्या डोळ्याचा पडदा सुटला. एक डोळा आधीपासूनच अधू होता, आणि सुटला तो नेमका चांगल्या डोळ्याचा. वहिनीच्याच इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. पडदा जागच्या जागी धरून ठेवायला डोळ्यात वायू भरला होता, त्यामुळे काही आठवडे मान खाली ठेवायची होती. झोपायचं पालथं, बसायचं तेही कपाळ टेबलावर टेकून, खायचं-प्यायचं तसंच.

"घरी बघायला कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही," तारमास्तर म्हणाला आणि त्याने बायकोकडे बोट दाखवलं.

नणंद म्हणून ताई घरात नको होती, पण पेशंट म्हणून कोणी दारात आलं की वहिनीला बाकी काही सुचत नाही. तिने पलंग भिंतीपासून ओढला. टॉवेलची गुंडाळी करून कपाळासाठी आणि हनुवटीसाठी आधार केले, म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा राहते. छातीखाली पातळ उशी दिली. पेल्यात नळी घातली. दर थोड्या वेळाने खांदे चोळून द्यायला ती येऊन बसू लागली. ताई "पाणी" म्हणायची, वहिनी "हो" म्हणायची. पहिले काही दिवस घरात एवढंच संभाषण. तारमास्तराला ते अगदी पुरेसं वाटत होतं.

पण जन्मभर वाचत आलेला माणूस फरशीच्या टाइल्स किती दिवस बघणार? एका दुपारी वहिनी सकाळपाळी करून आली, तर ताई उशीत तोंड ठेवूनच म्हणाली, "घरात काही इंग्रजी वाचायला आहे का गं? कोणीतरी नुसतं वाचलं तरी चालेल."

"इंग्रजी कुठून असणार आमच्याकडे?"

"तुझं परीक्षेचं पुस्तक असेल ना?"

ते पुस्तक वहिनीने कपाटावर, वापरात नसलेल्या पंख्याच्या खोक्यामागे टाकलं होतं. "ते नको, ताई. माझं वाचन ऐकून तुमचा दुसरा डोळाही जाईल."

 पलंगावरची पाठ हलायला लागली. ताई हसत होती. "आण," ती म्हणाली. "डोळ्याने ऐकत नाहीत."

वहिनीने धूळ पुसली आणि अडखळत एक उतारा वाचला. स्टेशनवर एक म्हातारा दोरीने बांधलेली पेटी घेऊन बसलाय, गाडी येते, तो चढत नाही. उच्चार चुकला की पलंगावरून तो सुधारून यायचा. वाचून झाल्यावर ताई म्हणाली, "आता तुझ्या शब्दांत सांग. मराठीत सांग."

"एक बिचारा म्हातारा स्टेशनवर मुलाची वाट बघत बसलाय. मुलगा काही येत नाही."

"थांब. 'बिचारा' उताऱ्यात आहे?"

"नाही. पण आहेच ना तो बिचारा."

"आणि मुलगा?"

वहिनीने पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. "मुलगा नाहीये. पण एवढा वेळ माणूस दुसऱ्या कोणासाठी बसून राहील?"

"हे बघ, मला दिसत नाही," ताई म्हणाली. "तू सांगशील तेवढंच मला कळणार. त्यातलं लिहिलेलं कुठलं आणि तू घातलेलं कुठलं, हे मला कसं समजायचं? मला उतारा हवाय, तुझी कादंबरी नको. वॉर्डात सिस्टरांना असंच सांगतेस का? याला ताप असावा, कारण याची बायको आज भेटायला आली नाही?"

वहिनीला हसू फुटलं. "नाही हो. तिथे जेवढं आहे तेवढंच सांगायचं."

"मग इथेही तेच. उत्तर सांगताना ज्या ओळीवरून सांगतेस तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते उत्तर तुझं, उताऱ्याचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चहा झाला की वाचन सुरू व्हायचं. वहिनी खुर्ची पलंगाला लावून बसायची. वाचायची, सांगायची, आणि मधूनच पलंगावरून आवाज यायचा, "बोट?" वहिनी म्हणायची, "ठेवलंय." कधी खोटंच म्हणायची, पण ते तिच्या आवाजावरून ताईला कळायचं. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत तेवढं तर येणारच.

मग वहिनी दुसऱ्या टोकाला गेली. काहीही विचारलं की, "ते उताऱ्यात नाही." माणूस कुठून आला? उताऱ्यात नाही. बाहेर हवा कशी होती? उताऱ्यात नाही.

"अगं, दाराशी टेकवलेल्या छत्रीचं पाणी फरशीवर गळतंय असं तूच आत्ता वाचलंस ना? मग बाहेर काय, ऊन पडलंय?"

"तुम्हीच म्हणालात, मनचं घालायचं नाही."

"मनचं नाहीच घालायचं. पण लिहिलेल्यातून जे निघतं ते काढायचं." ताई म्हणाली, "पेशंट म्हणतो, काही दुखत नाही. पण चादर मुठीत आवळून धरलेली असते. तेव्हा तू काय समजतेस?"

"दुखतंय."

"कशावरून?"

"मुठीवरून."

"मग मुठीवर बोट ठेव आणि लिही, की दुखतंय."

 वहिनीने तोच उतारा पुन्हा वाचायला घेतला, या वेळी सावकाश. चादरीची मूठ तिला कुठल्याही गाइडपेक्षा जास्त समजली होती. त्या दिवसापासून अवघड प्रश्न आला की ती पुटपुटायची, "यात मूठ कुठेय?" आणि बऱ्याचदा ती सापडायची. कधी एखाद्या रिकाम्या खुर्चीत, कधी न उघडलेल्या पाकिटात, कधी कोणीतरी दोनदा घड्याळ बघण्यात. शब्द अडला तर ताई अर्थ लगेच सांगायची नाही. "आजूबाजूच्या शब्दांना विचार," म्हणायची. "शेजारी माहिती देतातच."

तारमास्तर कामावरून यायचा तेव्हा घरात इंग्रजी चाललेलं असायचं. तो दाराशी बूट काढून पाय न वाजवता आत यायचा. एक दिवस त्याने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आणल्या." त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

परीक्षा तोंडावर आली. ताईची तपासणीही त्याच सुमारास होती. वहिनीची सकाळपाळी असल्यामुळे ताईला तारमास्तर घेऊन गेला. वहिनी दुपारी घरी आली, हातपाय धुऊन, पुस्तक घेऊन नेहमीसारखी खुर्चीत बसली.

"आज कुठला घेऊ, ताई?"

"नको आज."

"मान दुखतेय का?"

"नाही. आता पुरे कर."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. चहाचं भांडं गॅसवर ठेवलं, आणि आत तिची नेहमीची चक्की सुरू झाली. ताईला कंटाळा आला. एवढ्या मेहनतीनंतरही ही नापासच होणार, हे त्यांना कळून चुकलं. आता भावाच्या घरात पडलोय म्हणून तोंडावर बोलत नाहीत इतकंच. पाणी उकळायला लागलं, तशी ती एकदम थांबली. यातलं एक वाक्यही ताई बोललेली नव्हती. बोलली होती ते फक्त तीन शब्द. बाकीचं सगळं पाणी वहिनीनेच घातलं होतं.

तिने गॅस बंद केला आणि परत येऊन खुर्चीत बसली. "ताई, पुरे कर म्हणजे नेमकं काय पुरे करू? तुम्ही मागेही हेच म्हणाला होतात. मी दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा."

"मी?" ताईने मान उचलली.

"मान खाली," वहिनी सवयीने म्हणाली.

ताईने मान खाली घातली. "मी म्हणाले होते, तिला सांग, तो वर्ग आता पुरे कर. तो मास्तर नुसत्या युक्त्या शिकवतो. रविवारी माझ्याकडे पाठव, मी बसते तिला घेऊन. कितीतरी रविवार मी वाट बघितली. तू आली नाहीस. मला वाटलं, नणंदेकडून शिकायला कमीपणा वाटत असेल."

"मला एवढंच कळलं, की ताई म्हणते, आता पुरे कर."

 मग एकदमच दोन हाका गेल्या.

"अहो!"

"अरे, इकडे ये!"

तारमास्तर आतल्या खोलीत पंख्याला तेल घालत होता. तो हातात पाना तसाच घेऊन दारात उभा राहिला.

"तू हिला काय निरोप दिला होतास?" ताईने विचारलं. "नापास झाली तेव्हा."

त्याने आठवून बघितलं. "पुरे कर."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा..." तो प्रामाणिकपणे विचार करत होता. "त्यातच आला ना."

वहिनीने कपाळावर हात मारला. वर्षभराचा रुसवा, दोन्ही घरांतलं येणं-जाणं बंद, आणि सगळं कशापायी, तर या बाबाला चार शब्द जास्त बोलायचा कंटाळा. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिला दुसरंच काही सुचलं.

"आज डॉक्टर काय म्हणाले?"

"कठीण," तारमास्तर म्हणाला.

"मलाही वाटेत एवढंच सांगितलं," ताई हळू आवाजात म्हणाली. "मी खाली मान घालून बाकावर, आणि डॉक्टर याच्याशी बाहेर बोलत होते. वाचताच येणार नसेल तर मी कसली शिकवणार? म्हणून म्हटलं, आता पुरे कर."

वहिनीने नवऱ्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "कठीण काय? कोणाला? डॉक्टर जे बोलले ते पहिल्या वाक्यापासून सांगा. मनचं काही नको आणि काही गाळायचंही नाही."

तारमास्तर तोंडी परीक्षेला बसावं तसा बसला. पाना या हातातून त्या हातात गेला. "म्हणाले, पडदा बसलाय. चांगला बसलाय." त्याने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, पुढे. "वायू जिरेपर्यंत धूसर दिसणार. घाबरायचं नाही. मग हळूहळू मोठी अक्षरं दिसतील. काही महिने लागतील. बारीक छापील वाचणं आधी कठीण जाईल. चष्मा बदलायचा. भिंग वापरायचं."

"आणि एवढं सगळं तुम्ही 'कठीण' म्हणून सांगितलंत?"

"तेच महत्त्वाचं वाटलं," तो म्हणाला. मग मान खाली घालून, कोणी न विचारताच पुढे बोलला, "भीती वाटली मला. म्हणून तेवढंच डोक्यात राहिलं."

पलंगावर ताईचे खांदे हलत होते. पालथ्या माणसाचं रडणं आणि हसणं सारखंच दिसतं. वहिनीने अंदाज केला नाही, सरळ विचारलं. "ताई, रडताय की हसताय?"

"दोन्ही," उशीतून उत्तर आलं. "चहा ठेवला होतास ना?"

दुसऱ्या दिवशी वहिनी पाळी संपल्यावर डोळ्यांच्या विभागात गेली आणि डॉक्टरांना स्वतः विचारून आली. नवऱ्याने सांगितलेलं बरोबर निघालं. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, नजर पूर्वीसारखी लख्ख होणार नाही. वहिनीने तेही ताईपासून लपवलं नाही, आणि त्याला गोड करून वर साखरही पेरली नाही. ताईने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बरं. आज कुठला उतारा?"

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकात शिपायाने वहिनीला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." तिने प्रवेशपत्र दाखवलं तसा तो ओशाळला आणि तिला वर्गापर्यंत पोचवून आला. बाक लहान मुलांचे होते, गुडघे वर टेकत होते. पुढे बसलेली मुलगी नखं खात होती. वहिनीने तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, आणि पेपर हातात आल्यावर आपले स्वतःचेच हात गार पडलेत हे तिच्या लक्षात आलं.

उतारा नदीवर होडी चालवणाऱ्या एका बाईचा होता. संध्याकाळी ती होडी बांधते, घरी येते, दिवा लावते, टेबलावर एक कप ठेवते. तेवढ्यात दार वाजतं. प्रश्न होता, कोणी येईल अशी तिची अपेक्षा नव्हती हे कशावरून समजतं? वहिनीच्या डोळ्यांसमोर त्या बाईचं घर उभं राहिलं, भिंतीवरचा फोटो, दूर गेलेली मुलगी, कधीच न झालेलं बोलणं. हात लिहायला सरसावला होता. तिने पेन खाली ठेवलं आणि उताऱ्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट थांबलं ते कपावर. एकच कप. तिने लिहिलं, टेबलावर तिने एकच कप ठेवला होता, यावरून. पुढच्या प्रश्नात एक शब्द असा आला की तो तिने जन्मात पाहिला नव्हता. शेजारच्या शब्दांना विचारून बघितलं, त्यांनाही नीट सांगता येईना. तिने अंदाजाने लिहिलं आणि पुढे गेली.

घरी आल्यावर ताईने पाणीही पिऊ दिलं नाही. "उतारा सांग."

वहिनीने सांगितला. होडी, दिवा, कप, दार. एकदाही 'बिचारी' म्हणाली नाही. कुठे काय लिहिलं तेही सांगितलं. ताई आता सरळ बसू शकत होती, डोळ्यावर पट्टी नव्हती, समोर सगळं धुक्यासारखं. तिने दोन ठिकाणी मान डोलावली, एका ठिकाणी जीभ चावली.

"तो शब्द चुकला. जाऊ दे, एक गुण गेला."

वहिनी पाणी प्यायली. मग म्हणाली, "ताई, आता माझ्या मनचं सांगू?"

"कशाबद्दल?"

"होडीवाल्या बाईबद्दल. दारात कोण होतं ते."

"उताऱ्यात नव्हतं?"

"नव्हतं. तिथेच संपला."

ताईने खुर्चीत पाठ टेकली. "सांग. पेपर संपलाय आता."

मग वहिनीने सांगितलं. मुलगी होती दारात, लांबच्या गावाहून आलेली, आणि तिच्या हातात आईचीच एक जुनी शाल होती, आणि आधी दोघींपैकी कोणीच बोलेना. सांगता सांगता अंधारून आलं, दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. ताईने एकदाही "बोट?" असं विचारलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, "कप दुसरा काढला की नाही मग तिने?"

"काढला ना," वहिनी म्हणाली. "कान तुटका होता, पण काढला."

निकाल लागला तेव्हा वहिनी वॉर्डात एका म्हाताऱ्याला पेल्याने दूध पाजत होती. तारमास्तराचा फोन आला. मोठ्या सिस्टरांनी तो घेऊन तिच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. "पास," तो म्हणाला, आणि वहिनी आता पुढे काही ऐकूच येणार नाही असं धरून चालली होती, तर पलीकडून आणखी शब्द येत राहिले. इंग्रजीत किती गुण, बाकी विषयांचे मागचे धरून एकूण किती, कार्यालयात कागद कधी न्यायचे, ताईला कळवलं का, ताई काय म्हणाली. दूध पिणारा म्हातारा पेल्याच्या काठावरून तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे भरून आले होते, पण पेला हलला नाही. गुण काही डोळे दिपवणारे नव्हते. पण काठावर नव्हती ती, काठापासून बरीच आत होती.

ताई मोठ्या काचेचं भिंग घेऊन आपल्या घरी परत गेली. रस्त्यावरच्या पाट्या तिला वाचता यायला लागल्या, मग वर्तमानपत्रातले मथळे. खालची बारीक बातमी वाचायला वेळ लागतो आणि डोळा दुखतो, त्याची तिला चीड येते. अशी चीड आली की ती वहिनीला फोन करून, तिने काय चूक केली असेल नसेल त्यावर चार शब्द सुनावते. वहिनी ऐकून घेते आणि मग विचारते, "डोळा दुखतोय का?" रविवारी वॉर्डातल्या आणखी दोघी आया ताईकडे जायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीला तर कुठलाही उतारा वाचला की झोप येते. त्यावर काय उपाय करावा, याचा ताई सध्या विचार करतेय.

नर्सिंगच्या कोर्सचा पहिला दिवस उजाडला. पांढरा गणवेश वहिनीला खांद्यात किंचित घट्ट झाला होता. वर्गात सगळ्या नुकत्याच शाळेतून आलेल्या मुली, वेण्या घातलेल्या, एकमेकींच्या कानात कुजबुजणाऱ्या. वहिनी दुसऱ्या बाकावर बसली. शेजारच्या मुलीने पुस्तक उघडलं, पहिलंच पान बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. जाडजूड पुस्तक, सगळं इंग्रजीत.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे का हो?"

"बेताचंच आहे," वहिनी म्हणाली. "तुझं?"

"माझं तर त्याहूनही वाईट. मला एक अक्षर कळणार नाही यातलं."

"हे तुला पुस्तकाने सांगितलं का?" वहिनीने पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं. "वाच तू. सावकाश वाच. बघू तरी काय लिहिलंय ते."

मुलीने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.